डेंग्यूचे दोन अहवाल आणि मानकांवरचा राग

घोडबंदरकर: मुलीला ताप आल्यावर तिसऱ्या दिवशी केलेली एनएस१ (रक्तातले डेंग्यू विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली आणि आठव्या दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळेत तीच चाचणी निगेटिव्ह आली. दोन्ही अहवालांवर एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, चिन्ह होते. मग मानके म्हणजे दर वाढवण्याचे निमित्तच ना?

नेरूळकर: हे वाचून गप्प बसवले नाही, कारण सोळा वर्षे मी प्रयोगशाळेत हेच चाचण्यांचे काम करते आहे. एनएस१ पहिल्या पाच दिवसांत ठळक असते आणि पुढे ओसरते; आठव्या दिवशी आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची चाचणी) करायला हवी होती, त्यामुळे दोन्ही अहवाल खरे असू शकतात. आम्ही प्रत्येक प्लेटमध्ये, म्हणजे एकत्र तपासायच्या नमुन्यांच्या ताटलीत, रुग्णांच्या नमुन्यांसोबत जेमतेम पॉझिटिव्ह असा एक कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच ठाऊक असलेला नमुना, लावतो. गेल्या पावसाळ्यात तो एकदा निगेटिव्ह आला, तेव्हा साऱ्या प्लेटचे अहवाल रोखून आम्ही चाचण्या पुन्हा केल्या आणि संध्याकाळपर्यंत लोकांची बोलणी खाल्ली. तो कंट्रोल नसता, तर चुकीचे अहवाल बिनदिक्कत घरोघरी गेले असते.

कोपरीवासी: ताई, कंट्रोल तुमच्या फ्रिजमध्ये सुखरूप असतो, नमुन्याचे काय? मे महिन्यात वडिलांचे हिपॅटायटिस सीच्या व्हायरल लोडसाठी (रक्तात विषाणू किती, ते मोजण्यासाठी) सकाळी घेतलेले रक्त दुचाकीच्या डिकीतून, बर्फाविना, संध्याकाळी वाशीला पोहोचले.

नेरूळकर: नमुना कसा घ्यावा आणि कसा न्यावा, हेही आयएसओ १५१८९ या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या मानकातच येते. नियम मोडणाऱ्याचा दोष नियमावर का घालता?

घोडबंदरकर: तुमचा पगार तिथूनच येतो, म्हणून तुम्हाला असे वाटते. डिकीतला बर्फ रोज कोण तपासतो?

नेरूळकर: पगाराचा उल्लेख अनाठायी आहे. बर्फ रोज कोणी तपासत नाही, ही उणीव मात्र खरी आहे. शिवाय चिन्ह असले तरी मान्यता यादीतल्या चाचण्यांपुरतीच असते, तेव्हा आपली चाचणी त्या यादीत आहे का, ते पाहून घ्या.

कोपरीवासी: डिकीचा राग कायम ठेवून एक गोष्ट कबूल करतो. वडिलांचा पहिला अहवाल कॉपींमध्ये (विषाणूच्या आरएनएच्या प्रतींमध्ये) होता, दुसरा आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये. आकडा कमी दिसला म्हणून घरात पेढे वाटले. पण एक युनिट म्हणजे किती कॉपी, हे किटगणिक बदलते, असे डॉक्टरांनी नंतर समजावले. जागतिक आरोग्य संघटनेने या विषाणूच्या आरएनएचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक, म्हणजे ज्याच्याशी ताडून युनिट ठरते तो संदर्भ नमुना, १९९७ मध्येच ठरवले होते. दोन्ही ठिकाणी त्यानुसार युनिटमध्येच आकडा दिला असता, तर आमची अशी फसगत झाली नसती.

घोडबंदरकर: आयजीएमचे मान्य करतो, नाइलाजाने. पण तापाचा कितवा दिवस आहे, हे काउंटरवर कोणी विचारले नाही. अर्जावर तसा रकानाच नव्हता.

नेरूळकर: तो रकाना आमच्याही अर्जावर नाही. सोमवारी वरिष्ठांपुढे हा विषय काढते.