अस्थी विसर्जनाला गेला होतात तेव्हाचे अनुभव सांगा

रानजाई
काल कोल्हापूरला जाताना गाडी कऱ्हाडात प्रीतिसंगमाकडे वळवली. आजीच्या अस्थी तिथेच सोडल्यात. उत्तरेकडून कृष्णा, दक्षिणेकडून कोयना, दोघी समोरासमोर भिडतात नि मग मुकाट पूर्वेला जातात. आजी म्हणायची, जावा-जावांसारख्या. मामाने मडकं पाण्यात उलटं केलं तर आत काहीतरी खुळखुळलं. आजीच्या खुब्यातला स्क्रू! सावडताना कुणाला दिसलाच नव्हता. मामा रडत रडत म्हणाला, "अगं, हा केवढ्याला बसवला होता!" आणि घाटावर आम्ही सगळे हसत सुटलो.
तुम्हीही लिहा. गंभीरच हवं असं नाही.

लातूरचा_पाहुणा
आमचे बाबा एप्रिल २०१६ मध्ये गेले. नाशिकला पोचलो तर रामकुंड कोरडं ठणठणीत, टँकरने पाणी आणून ओतत होते. घरी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं ते दिवस. आई कुंडाकडे बघून एवढंच म्हणाली, "जन्मभर टँकरची वाट बघितली, आता जातानाही टँकरच."

खादाडखाऊ
आईंना दंडवत 🙏
रानजाई, संगमाजवळची भेळ अजून मिळते का? (विषयांतराबद्दल सॉरी)

रानजाई
मिळते. काल खाल्ली 😄

बांधावरचा
आमच्यात नदीला नेत नाहीत आता. आबांची रक्षा शेतातच खड्ड्यात घातली, वर केशरचं कलम लावलं. बरीच वर्षं फळच धरेना. चुलते म्हणायचे, आबांचा हात आधीपासूनच आखडता.

परदेशी_पाखरू
इकडे अमेरिकेत समुद्रात सोडायच्या तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैल आत जावं लागतं आणि नंतर ३० दिवसांत सरकारला कळवायचं. प्लॅस्टिकची फुलं चालत नाहीत. बोट हलायला लागली नि आत्याला उलट्या सुरू. गुरुजी पुण्याहून फोनवर. मंत्राच्या मध्येच रेंज गेली, मग काकांनी जे आठवलं ते म्हटलं. बहुतेक गणपतीची आरती होती.

खादाडखाऊ
😂😂 काकांना सलाम

मीनू७
विमानातून अस्थी नेता येतात का? कुणी नेल्यात?

परदेशी_पाखरू
हो. मृत्यूचा आणि दहनाचा दाखला जवळ ठेवा, विमान कंपनीला आधी विचारा. धातूचा कलश नको, एक्सरेत आतलं दिसत नाही म्हणून अडवतात. लाकडी बरा.

मीनू७
थँक्स. आई गेल्या महिन्यात गेली. घरात आणायचा नाही म्हणून मडकं गॅलरीत टांगलंय. भाऊ दुबईहून यायचाय. कपडे वाळत घालायला गेलं की रोज समोर येतं.

रानजाई
अगं बाई. येऊ दे भावाला, घाई नको करूस. जेवतेस ना वेळेवर?

मीनू७
हो गं. शेजारच्या काकू डबा देतात, नको म्हटलं तरी.

लातूरचा_पाहुणा
मीनूताई, नाशिकला जाणार असाल तर गुरुजींना आपल्या घराण्याच्या वंशावळीची वही काढायला सांगा. आमच्या पणजोबांची मोडीतली सही निघाली त्यात. आईने खाली माझं नि माझ्या पोरीचंही नाव लिहायला लावलं. गुरुजी मुलीचं लिहायला कां कूं करत होते, पण आईपुढे कोण बोलणार!

मीनू७
वही आडनावावरून शोधतात की गावावरून?

लातूरचा_पाहुणा
दोन्ही सांगा. मूळ गाव मात्र नक्की विचारून जा, तिथेच सगळे अडतात.