४५ हजारांत डीएसएलआर: पैसा बॉडीवर घालावा की लेन्सवर?

धंतोलीकर:
आमच्या वसाहतीच्या सांस्कृतिक मंडळाने कॅमेऱ्यासाठी ४५ हजार रुपये मंजूर केले असून निवडीचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. बहुतेक सभासदांचा कल असा आहे की नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात जावे, कॅननचा १५००डी आणि त्याच्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स असा नवा खोका उचलावा आणि मोकळे व्हावे. मला हे मान्य नाही. बॉडी, म्हणजे लेन्सविना नुसता कॅमेरा, वापरलेली घ्यावी आणि वाचलेला पैसा लेन्सवर घालावा, असे माझे मत आहे. ज्यांना ते चुकीचे वाटते त्यांनी खरेदीपूर्वीच बोलावे, नंतर नव्हे, एवढ्यासाठी ते येथे मांडतो.

१५००डी हे मॉडेल २०१८ चे आणि कॅननचेच ७५०डी २०१५ चे. दोन्हींचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे. परंतु फोकसचे बिंदू जुन्यात १९ आणि नव्यात ९ आहेत, जुन्याची स्क्रीन बाहेर वळते व स्पर्शाने चालते आणि नव्याची ना वळते ना स्पर्शाला दाद देते. म्हणजे येथे नवा आहे तो फक्त खोका.

आता लेन्सचे पाहू. गेल्या कोजागरीच्या गाण्याची छायाचित्रे ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल की गायिकेचा चेहरा बरा आला होता, पण हार्मोनियमवरची बोटे पिठल्यासारखी पसरली होती. दोष छायाचित्रकाराचा नव्हता. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), त्यामुळे आमच्या सभागृहाच्या ट्यूबलाइटमध्ये आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटरचा वेग सेकंदाच्या विसाव्या भागापलीकडे गेला नाही. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स त्याच ठिकाणी जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते आणि तोच वेग सेकंदाच्या दोनशेव्या भागापर्यंत जातो. किट लेन्समध्ये कंपनरोधक असतो हे मला ठाऊक आहे. पण तो आपला हात हलला तर उपयोगी, गायिकेची बोटे हलली तर नाही.

माझ्या चौकशीनुसार वापरलेली ७५०डी बॉडी साधारण २० ते २२ हजारांत आणि ५० एफ/१.८ एसटीएम (एसटीएम ही लेन्समधल्या फोकस-मोटरची जात) नवी दहा हजारांच्या आसपास मिळते. उरलेल्या रकमेत पेंचच्या जंगलातल्या सहलीसाठी वापरलेली ५५-२५० बसते. किट लेन्स घेऊच नये, या मताचा मी आहे.

इतवारीवाला:
काका, सभागृहापुरते तुमचे सगळे बरोबर. पण मंडळ वर्षभर सभागृहातच बसून राहत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेली जाणारी ती उंच मूर्ती, पाहायला जातो, तेव्हा हा कॅमेरा कोणाच्या तरी गळ्यात असणारच. मी दोन वर्षांपूर्वी अगदी हीच ५० ची लेन्स एकटी घेऊन गेलो होतो. गल्लीत पिवळी मारबत समोरून आली, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत"चा गजर टिपेला पोहोचला आणि मी मागे सरकत सरकत एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून उभा राहिलो. त्यापुढे मागे जायला जागाच नव्हती. माझ्याकडे त्या दिवसाचे छायाचित्र म्हणजे मारबतीचे एक नाक, दोन डोळे आणि अर्धा हार एवढेच आहे.

यात गणित आहे, नशीब नाही. कॅननच्या क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरवर ५० ची लेन्स ८० मिलिमीटरच्या दृश्यकोनाएवढी अरुंद होते. पाच मीटर उंचीची मूर्ती, कॅमेरा उभा धरूनही, चौकटीत बसवायची तर तिच्यापासून ११ मीटर दूर जावे लागते. १८ मिलिमीटरवर चार मीटर पुरतात. इतवारीच्या गल्लीत अकरा मीटर कोण देणार?

आणखी एक. एफ/१.८ वर तीन मीटर अंतरावरून टिपले तर स्पष्टतेची खोली जेमतेम २५ सेंटिमीटर राहते. सत्कारात पाच पाहुणे तिरप्या ओळीत बसले असतील तर मधला स्पष्ट आणि बाकीचे चौघे धुक्यात. छिद्र लहान करावे म्हटले, तर जो प्रकाश मिळवण्यासाठी दहा हजार मोजले तोच सोडावा लागतो. ज्या किट लेन्सला तुम्ही हिणवता, तिच्याइतकी सर्वांच्या हाती देण्याजोगी दुसरी लेन्स या पैशात नाही.

हिशेबाची वही:
लेन्सचा वाद आपण दोघे मिटवा. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या पायरीला आहे. मंडळाचे पैसे सभासदांच्या वर्गणीचे आहेत, त्यांचा हिशेब मला वार्षिक सभेत वाचून दाखवावा लागतो आणि ओळखीच्या माणसाकडून रोखीने घेतलेला कॅमेरा मी वहीत कोणत्या कागदाच्या आधारे लिहू?

शिवाय मी हे भोगलेले आहे. घरासाठी मी एक वापरलेला कॅमेरा घेतला होता. दिसायला कोरा करकरीत, गळ्यातल्या पट्ट्यावर डागसुद्धा नाही. चौथ्या महिन्यात मुलीच्या स्नेहसंमेलनात, पडदा वर जाताच, शटर अर्ध्यावर अडकले. दुरुस्ती करणाऱ्याने सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल असे सांगून जो आकडा काढला तो मूळ किमतीच्या निम्म्याजवळ होता, आणि विकणाऱ्याने तर फोन उचलणेच बंद केले. १९ फोकस बिंदू कपाटात पडून राहण्यापेक्षा हमी असलेले ९ बिंदू मला चालतील. मंडळाचा कॅमेरा दहा जणांच्या हातांतून जाणार; त्याला हमी हवीच.

रोलवाले काका:
ताई, आपला राग रास्त आहे. पण आपण फसलात ती वस्तू जुनी होती म्हणून नव्हे, ती न तपासता घेतली म्हणून. रोलच्या काळापासून मी जुनेच कॅमेरे वापरत आलो आहे. पट्ट्यावरून कॅमेऱ्याचे वय कळत नाही, शटर किती वेळा उडाले यावरून कळते. या श्रेणीतल्या बॉडीचे शटर साधारण एक लाख वेळा चालेल अशा बेताने बनवलेले असते. निकॉनमध्ये तो आकडा छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदला जातो, त्यामुळे समोर एक छायाचित्र काढून तेथल्या तेथे तो पाहता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये तसा तो मिळत नाही, संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. तेव्हा लॅपटॉप आणि केबल घेऊनच जावे, आणि विकणारा त्याला तयार नसेल तर चहा पिऊन परत यावे.

लेन्ससाठी मोबाईलची टॉर्च पुरे. लेन्स बॉडीवरून काढावी, दोन्ही झाकणे उघडावीत, एका बाजूने टॉर्च तिरपी धरावी आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. धुळीचे चार-दोन कण दिसले तर काही बिघडत नाही, परंतु काचेच्या कडेपासून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू सरकलेले दिसले की ती बुरशी, आणि ती लेन्स फुकटातही नको. आपल्याकडे लोक समजतात की नागपूरचा उन्हाळा एवढा कोरडा, येथे बुरशी कसली. ती पावसाळ्यात तर धरतेच, पण एप्रिलपासून ज्या खोलीत डेझर्ट कूलर रात्रंदिवस चालतो तेथील हवा पावसाळ्याइतकीच ओली होते, आणि आपण कॅमेरा नेमका त्याच गार खोलीतल्या कपाटात, चामड्याच्या पिशवीत घालून ठेवतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांचा खर्च पाचशेच्या आत आहे.

निकॉनकडे वळणार असाल तर एक खड्डा दाखवून ठेवतो. डी३५००, डी५६०० या मालिकांतील बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. जुनी, मोटर नसलेली ५० एफ/१.८ डी स्वस्तात मिळाली म्हणून कोणी आनंदाने घेऊन आले, तर या बॉडींवर फोकस हाताने फिरवत बसावे लागेल; बॉडीतच मोटर असलेला डी७२०० असेल तर ती व्यवस्थित चालते. उलट एएफ-पी जातीच्या नव्या लेन्सचा फोकस डी९० सारख्या जुन्या बॉडीवर चालत नाही.

मेट्रोतला प्रवासी:
आपण सर्वजण ज्या गाडीच्या डब्यावरून भांडत आहात ती गाडी स्थानकातून सुटून गेली आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर डीएसएलआरचे एकही नवे मॉडेल काढलेले नाही. थोडी भर घालून २०२३ चा कॅननचा आर१०० हा मिररलेस (डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला) घ्यावा. तो माणसाचा डोळा ओळखून फोकस धरतो, जे यांपैकी कोणत्याही जुन्या बॉडीला व्ह्यूफाइंडरमधून जमत नाही.

अंबाझरी पहाट:
गाडी सुटली म्हणूनच तिच्यातले सामान स्वस्त झाले आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरता. आर१०० सोबतची १८-४५ ही लेन्स लांबच्या टोकाला एफ/६.३ ची आहे, म्हणजे कोजागरीच्या सभागृहात ती जुन्या किट लेन्सपेक्षाही आंधळी. बॅटरीचेही पाहा. डी३५०० एका चार्जमध्ये मानक चाचणीनुसार १,५५० छायाचित्रे काढतो, तर या किमतीचे मिररलेस तीनशे-चारशेवर थकतात. उद्या मंडळाने मिररलेस घेतलाच, तर कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरने त्यावर चालतातच. तेव्हा लेन्सवर घातलेला पैसा बुडत नाही.

माझी तक्रार धंतोलीकर काकांच्या ५५-२५० बद्दल आहे. पेंचला ३० मीटरवर वाघ उभा राहिला तर २५० मिलिमीटरवर चौकटीची रुंदी २.७ मीटरच्या आसपास येते, आणि शेपटीसकट वाघ तिच्यात जवळपास भरून बसतो. पण अंबाझरी तलावाच्या काठावर २० मीटरवर बसलेला खंड्या त्याच लेन्सने चौकटीच्या सहाव्या हिश्श्याइतकाही होत नाही. पक्ष्यांना ६०० लागते आणि ती या पैशात येत नाही. वर्षातून एकदा निघणाऱ्या सहलीत वाघ दिसेलच या भरवशावर आठ-नऊ हजार गुंतवणे मला तरी पटत नाही. आणि हे पहाटे पाचला उठून दुर्बीण घेऊन जाणारा माणूस लिहीत आहे.

धंतोलीकर:
मारबतीच्या गणितापुढे मी हात टेकले. किट लेन्स नको हे माझे म्हणणे मी मागे घेतो. वापरलेली १८-५५ एसटीएम तीन-चार हजारांत मिळते, ती घेऊ. ५० एफ/१.८ मात्र मी सोडणार नाही, कारण वर्षातले आपले बारापैकी नऊ कार्यक्रम रात्रीचे आणि छताखालचे असतात. ५५-२५० रद्द. त्यातून वाचलेल्या रकमेत दुसरी बॅटरी, दोन कार्डे, काकांचा डबा आणि पुड्या येतील आणि चार-पाच हजार दुरुस्तीसाठी बाजूला राहतील. बॉडी वापरलेलीच, परंतु ज्या दुकानातून पक्के बिल मिळेल तेथूनच, मग हजार-दोन हजार जास्त पडले तरी चालतील.

इतवारीवाला:
मान्य. सत्काराच्या वेळी मात्र ५० ची लेन्स कपाटात ठेवायची जबाबदारी तुमची.

हिशेबाची वही:
माझे मत बदललेले नाही. मी आजही नवा खोकाच घेतला असता. तरीही सभेत बहुमत वापरलेल्या बॉडीकडे गेले तर मी अडवणार नाही. बिलावर बॉडीचा अनुक्रमांक आणि खरेदीच्या दिवशीचा शटरचा आकडा, दोन्ही दुकानदाराच्या सहीसह लिहून आणावेत. त्यातले एक जरी नसेल तरी धनादेशावर माझी सही मिळणार नाही.

रोलवाले काका:
लॅपटॉप आणि केबल माझी. रविवारी बर्डीवर गर्दी असते, शनिवारी दुपारी जाऊ.