नफ्याची रक्कम बचत खात्यात ठेवू नका
वर कुणीतरी लिहिलंय की जुनं घर विकून २ वर्षांत दुसरं घेतलं की नफ्यावर कर लागत नाही. बरोबर, पण अर्धंच. माझे बाबा मुलुंडला घरांचे एजंट. रविवारी गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायचे, म्हणून आम्ही सगळे एकत्र जेवायचो ते सोमवारी रात्री. तेव्हा हमखास हाच विषय: आयकर विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत नवं घर झालं नसेल, तर उरलेला नफा बँकेत ‘कॅपिटल गेन्स’ खातं उघडून त्यात भरा. साध्या बचत खात्यात पडून राहिला की सवलत हातची जाते. आणि विकलेलं घर २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेलं असेल, तर १२.५ टक्के कर आणि इंडेक्सेशनसह (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्के कर, असे दोन्ही हिशेब सीएकडून मांडून घ्याच.