'माझी नाक', 'दही आंबट झाला': 5 ते 7 वर्षांच्या मुलांचं मराठी कसं बसवायचं?

शनिवारवर्ग (इंदूर)
मंडळाच्या हॉलमध्ये शनिवारी तासभर वर्ग असतो. 12 मुलं, घरी मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी. समजतं सगळं, पण तोंडातून येतं ते असं: 'माझी नाक', 'दही आंबट झाला', 'ती दुकान बंद आहे', 'मीने पोहा खाल्ला'. तो-ती-तेचा तक्ता घडाघडा म्हणतात आणि पाणी प्यायला उठले की 'पाणी थंडा आहे'. शब्दार्थांचीही तीच गत. वहीत 'सुस्कारा = लांब श्वास' लिहिलेलं असतं, वापरायची वेळ आली की गप्प. व्याकरणाचं नावही न काढता, बोलण्याच्या ओघात हे कसं बसवायचं?

कानामात्रा
तक्ता आधी भिंतीवरून उतरवा. मुलं तक्ता शिकली, भाषा नाही.

या चुका वाटेल तशा होत नाहीत. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून मराठीतलं प्रत्येक 'ते' मूल हिंदीतल्या खणात नेऊन ठेवतं. पाणी, दूध, दही तिथे पुल्लिंगी. नाक, दुकान, पुस्तक स्त्रीलिंगी. म्हणजे 'दही झाला' आणि 'माझी नाक' या दोन वेगळ्या चुका आहेत. एका शनिवारी एकच हाताळा. 'आवाज' आपल्याकडे तो, हिंदीत ती; ते प्रकरण नंतर.

पिशवीत सहा वस्तू घ्या: केळं, फूल, कुलूप, पुस्तक, वाटी, किल्ली. वाटून टाका आणि विचारा, "केळं कुणाचं?" "माझं!" "वाटी कुणाची?" "माझी!" एका शब्दाच्या उत्तरात लिंग येतं आणि मुलाला वाक्य जुळवावं लागत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रश्न आणि उत्तर दोन्ही तुमचंच, मुलांनी फक्त ऐकायचं. तिसऱ्या फेरीपासून त्यांना बोलू द्या. घाईने तोंड उघडायला लावलं की हिंदीच बाहेर येते.

विशेषणं निवडताना फसगत होते. लाल, गोड, मऊ, थंड, आंबट ही बदलतच नाहीत. 'दही आंबट झाला' यात बिघाड 'झाला'मध्ये आहे, आंबटमध्ये नाही. आणि 'थंडा' तर अख्खा हिंदीतून उचललेला. सरावाला मोठं, पिवळं, जुनं, ओलं असे बदलणारे शब्द घ्या.

चूक झाली की तिथल्या तिथे, छोटंसं. मूल म्हणालं "माझी नाक वाहते", तर तुम्ही म्हणा, "तुझं नाक वाहतंय? पूस बरं ते." बस्स. 'चूक' म्हणायचं नाही, एका वाक्यात दोन दुरुस्त्या करायच्या नाहीत.

पोहेजिलबी
वरच्याशी सहमत, एक पुस्ती. असं सुधारून म्हटलं की पुष्कळ मुलांना ती नुसती 'हो'ला 'हो' वाटते. तेव्हा अर्धं वाक्य पुढे करा, "तुझं..." आणि थांबा. तीन सेकंद थांबणं मोठ्यांना जड जातं, तरी थांबा.

भूतकाळासाठी इंदुरात साहित्य शोधायला नको, सकाळची ताटलीच पुरे. मी लाडू खाल्ला, जिलबी खाल्ली, केळं खाल्लं, पोहे खाल्ले. इथे सगळं शहर 'पोहा' म्हणतं, एकवचनी. म्हणून पोहे मुद्दाम घ्याच. पथ्यं दोन. ताटलीत दूध ठेवू नका: 'मी दूध प्यायलो, प्यायले' हे बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, दुधाप्रमाणे नाही, आणि जुळत आलेली घडी विस्कटते. बोरं पण नकोत. 'बोरं खाल्ली' आणि 'जिलबी खाल्ली' सारखंच ऐकू येतं आणि मूल बोरांना 'ती' समजून बसतं.

'मीने' हा हिंदीतला 'मैंने'. त्याने, तिने, आईने, पण मी आणि तू कोरडे. "जिलबी कोणी खाल्ली?" असं भरभर विचारत जा: "मी!" "आईने!" "दादाने!" "तू!" पाच मिनिटांचा खेळ आहे, घरी रोज होतो.

शब्दांची डबी
शब्दार्थांबद्दल जरा वेगळं मत. 'संदर्भातून आपोआप कळेल' यावर फार विसंबू नका. "आजीने सुस्कारा टाकला आणि ती पाटावर बसली" एवढंच ऐकलं तर मुलाला वाटतं सुस्कारा म्हणजे सतरंजीसारखं काहीतरी, टाकून त्यावर बसायचं. 'टाकला'ने त्याला तिकडे ओढलं, त्यात त्याचा दोष नाही.

गोष्ट आधी न थांबता वाचा. मग त्या शब्दाशेजारी दोन भावंडं उभी करा: धाप, जांभई, सुस्कारा. तिन्ही तोंडावाटे श्वासाचीच कामं. हॉलला दोन चकरा पळवा: धाप. जांभई करून दाखवली की सगळ्यांना येतेच. मग सांगा, "बस डोळ्यांदेखत निघून गेली. आता?" हा सुस्कारा. शब्द नेहमी त्याच्या क्रियापदासकट द्या: धाप लागते, जांभई येते, सुस्कारा टाकतात. तिन्हींतला फरक अर्धाअधिक तिथेच कळतो. आठवड्याला चार शब्द, पाचवा नको. आणि पुढच्या शनिवारी तेच चार निराळ्या प्रसंगात.

हिंदी-मराठीत एकच रूप आणि अर्थ वेगळा, असे शब्द वस्तू हातात घेऊनच करा. भरलेला डबा टेबलाखाली ठेवा: "डबा खाली आहे, पण रिकामा नाही." मग रिकामा करून टेबलावर: "आता रिकामा आहे, पण खाली नाही." हिंदीतल्या एका 'कल'चे काल आणि उद्या असे दोन करायला मटकी: काल भिजवली, आज फडक्यात बांधली, उद्या उसळ. 'राग' आणि 'शिक्षा' मोठ्या मुलांसाठी राखून ठेवा.

शनिवारवर्ग (इंदूर)
आभार. ठरावीक सहा वस्तू पाठ झाल्या की खरोखर बसलं, हे कसं ओळखायचं?

कानामात्रा
खोट्या शब्दांनी. 1958 मध्ये जीन बर्को यांनी 4 ते 7 वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना 'वग' नावाचा न-प्राणी दाखवून एकाचे दोन करायला सांगितले होते. शब्द कधी ऐकलेलाच नाही, तेव्हा पाठांतराला जागा नाही.

मराठीत तीन चित्रं काढा. "हा भोटा. हे दोन...?" भोटे. "ही लुपी. या दोन...?" लुप्या. "हे झिमं. ही दोन...?" झिमी. मग त्यांच्यावर माशी बसवा: भोट्यावर, लुपीवर, झिम्यावर. चित्र दाखवताना हा-ही-हे स्पष्ट म्हणा, बोट ठेवून. मुलाला धागा तेवढाच आहे. वर्गात सगळ्यांसमोर विचारू नका, पहिला बोलला की बाकीचे अकरा तेच म्हणतात. 'दोन झिमे' आलं तर मूल अजून भोट्याच्याच वाटेने चाललंय. त्याला केळं-केळी, अंडं-अंडी अशा जोड्या आणखी दोन शनिवार द्या. आणि 'झिमंवर' आलं तर काळजी नको, सामान्यरूप (प्रत्ययाआधी 'झिमं'चं 'झिम्या' होणं) बहुधा सगळ्यात शेवटी पक्कं होतं.