उत्तर: रोमा आणि चर्च

वर कुणीतरी लिहिलंय, जिप्सींमधलं (म्हणजे युरोपातल्या रोमा समाजातलं) चर्चचं काम म्हणजे निव्वळ धर्मांतर. अहो, स्पेन-रोमानियातले बहुतेक रोमा पिढ्यानपिढ्या ख्रिस्तीच आहेत! दुखणं वेगळं आहे. रोमानियात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खुद्द ख्रिस्ती मठांकडे रोमा गुलाम असत. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये तिथल्या ब्लाज शहरात जाऊन रोमांची माफी मागितली, तीही चर्चच्या लोकांनी केलेल्या भेदभावाबद्दल. माफी ठीक, पण फार उशिराची. धान्य-कपडे वाटण्यापेक्षा मला फ्रान्समधलं काम जास्त पटतं. १९५०च्या दशकापासून क्लेमां ल कोसेक या पेंटेकोस्टल (प्रोटेस्टंट ख्रिस्तींमधला एक पंथ) पाद्र्यानं रोमांमधूनच धर्मोपदेशक तयार केले, आणि ते आपल्या लोकांबरोबर कॅरॅव्हॅनमधून फिरतच उपदेश करू लागले.