शब्दचर्चा : ‘स्टिग्मा’साठी ‘कलंक’ योग्य आहे का?

प्रश्न : क्षयरोगाविषयीच्या एका माहितीपत्रकाचा मी मराठी अनुवाद करत आहे. त्यात ‘स्टिग्मा’ (आजारामुळे माणसाला कमी लेखले जाणे) हा शब्द वारंवार येतो आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘कलंक’ वापरलेला आढळतो. मला तो खटकतो, पण नेमके काय खटकते ते सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्याला खटकले ते रास्तच आहे. कलंक म्हणजे डाग, आणि डाग ज्याच्यावर असतो त्याचाच समजला जातो. ‘कलंक पुसू या’ असे कितीही कळकळीने म्हटले, तरी रुग्णाला काहीतरी लागलेले आहे हे त्यात आधीच मान्य केलेले असते. चंद्रावरचा डाग तो कलंक, आणि क्षयाचे जुने नाव ‘राजयक्ष्मा’ तेही चंद्राच्याच कथेतले : सत्तावीस पत्नींपैकी रोहिणीवरच अधिक प्रेम केले म्हणून सासऱ्याने, दक्षाने, चंद्राला क्षयाचा शाप दिला. आजार हे कुठल्यातरी चुकीचे फळ, ही समजूत आपल्या शब्दांत इतकी जुनी आहे. (कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होत असूनही घटस्फोटाचे कारण म्हणून तो आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत टिकून होता.)

लालबागच्या आमच्या चाळीत माझ्या आत्याला क्षय झाला, तेव्हा ‘ती शिवडीला जाते’ (मुंबईतले क्षयरोग रुग्णालय तिथे आहे) एवढेच हळू आवाजात सांगितले जाई. तिच्या स्टीलच्या पेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. तरीही औषधे पूर्ण होऊन ती बरी झाल्यावरही तो पेला फडताळात वेगळाच राहिला. तो ठिपका आत्याने लावलेला नव्हता, आम्ही लावला होता.

म्हणून वाक्यात जागा असेल तिथे ‘वाळीत टाकणे’, ‘दूर लोटणे’, ‘हिणवणे’ ही क्रियापदे वापरावीत, कारण त्यांना कर्ता लागतो आणि कोण लोटते ते लिहावेच लागते. नामच हवे असेल तर ‘अवहेलना’, आणि नोकरी, घर किंवा उपचार नाकारले जात असतील तिथे सरळ ‘भेदभाव’ म्हणावे. रुग्णाच्या मनातल्या संकोचासाठी ‘लाज’ पुरेसा आहे.

पत्रकात ‘संशयित रुग्ण’ असेल, तर तेही बदलावे. जागतिक आरोग्य संघटनेने इंग्रजीतला तसाच शब्द २०१३ मध्ये वगळला. ‘क्षयाची शक्यता असलेली व्यक्ती’ लांबते खरे, पण तीत आरोप नाही.