'लवचीक हार्डवेअर' म्हणजे वाकणारे हार्डवेअर?

वाटसरू:
नेटवर्कवरील पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हाताळणाऱ्या हार्डवेअरच्या रचनेविषयीचा एक लेख मी मराठीत आणत आहे. मूळ विशेषण 'फ्लेक्झिबल'. त्यासाठी 'लवचीक' लिहिले, तर पहिल्याच वाचकाने "दुमडता येणारी पातळ सर्किटपट्टी का?" असे विचारले. त्याला दोष देता येत नाही, कारण तशी सर्किटे खरोखरच असतात. मला म्हणायचे आहे ते असे, की चिप घडवून झाल्यावरही तिने पॅकेटच्या शीर्षातील (पत्ता वगैरे असलेल्या आरंभीच्या भागातील) कोणते रकाने वाचावेत आणि त्यांवरून काय करावे, हे बदलता येते. कोणता शब्द योजावा?

सांजवात:
'लवचीक'च राहू द्यावा. धोरण लवचीक असते, वेळापत्रक लवचीक असते. ती काय कोणी वाकवून पाहतो?

चिकित्सक:
धोरण हाताला लागत नाही, म्हणून तेथे लक्षणा चालते. हार्डवेअर ही वस्तू आहे. 'पुनर्रचनाक्षम' म्हणावे.

जुना अभियंता:
तो शब्द एफपीजीएला ('फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे' या चिपला) शोभतो, कारण तेथे तर्कद्वारांची जोडणीच बदलते. (त्यातील 'फील्ड'चे 'शेत' केलेले भाषांतर मी स्वतः तपासले आहे; अर्थ 'वापराच्या जागी' एवढाच.) पी-फोर या पॅकेट-हाताळणीच्या भाषेत आज्ञावली लिहून चालवलेल्या स्विचच्या चिपमध्ये मात्र बदलतात ते शीर्ष वाचण्याचे नियम आणि जुळणीचे तक्ते. १० गिगाबिटच्या जोडणीवर ६४ बाइटांच्या फ्रेम (तारेवरून जाणारी पॅकेटची रूपे) लागोपाठ आल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात; एकट्या सामान्य प्रोसेसरची तेथे तारांबळ उडते, म्हणून हा सारा खटाटोप.

सांजवात:
शब्दांचा एवढा काटेकोरपणा, मग 'पॅकेट' कसे खपते? 'पाकीट' आहे की: वर पत्ता, आत मजकूर.

जुना अभियंता:
पाकीट म्हटले की खिशातले पैसे आठवतात. शिवाय व्हीएक्सलॅन या आभासी नेटवर्कच्या पद्धतीत अख्खी इथरनेट फ्रेम यूडीपी या प्रोटोकॉलच्या पॅकेटमध्ये घालून पाठवतात. ही पद्धत २०१४ साली आरएफसी ७३४८ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात नोंदवली गेली; ती येण्यापूर्वी घडवलेल्या, ठरावीक शीर्षेच ओळखणाऱ्या चिपांना आतले पाकीट उलगडताच येत नव्हते.

सांजवात:
'आतले पाकीट' हे आपणच लिहिलेत!

चिकित्सक:
पाकीट तरी कुठले आपले? तेही इंग्रजीचेच रूप. 'पुडके' म्हणा.

वाटसरू:
पाकीट आणि पुडके यांच्यामध्ये माझे विशेषण अडकले आहे. तूर्त 'पुनर्योज्य' लिहितो.

चिकित्सक:
पुन्हा योजायचे ते काय, चिप की तिचे नियम?